एकच क्रमांक, दोन पाटल्या

लग्नासाठी घेतलेली पाटल्यांची जोडी. प्रत्येकी २० ग्रॅम, २२ कॅरेट म्हणून विकलेली. नाशिकमधल्या एका पेढीवर सेल्समनने पाटली तिरकी धरून आतल्या बाजूचा शिक्का दाखवला, "ताई, नऊशे सोळा लिहिलंय, बघून घ्या." लिहिलं होतंच. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ (२२ कॅरेट, हजारात ९१६ भाग शुद्ध सोनं) आणि पुढे सहा अक्षर-अंकांचा क्रमांक, सगळं जागच्या जागी. लग्न उरकल्यावर घरातल्या कुणीतरी भिंग लावून दोन्ही पाटल्या शेजारी ठेवल्या, तेव्हा कळलं की दोन्हींवर क्रमांक एकच आहे.

असं होऊच शकत नाही. हा क्रमांक म्हणजे एचयूआयडी, हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्याची स्वतंत्र ओळख. १ जुलै २०२१ पासून तो सुरू झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीचा असलेला सोन्याचा दागिना त्याच्याशिवाय विकता येत नाही. तो नगाला मिळतो, जोडीला नाही. दोन पाटल्या म्हणजे दोन क्रमांक, चार बांगड्या म्हणजे चार.

बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकल्यावर उरलंसुरलं उघड झालं. अ‍ॅप त्या क्रमांकामागच्या सराफाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, हॉलमार्किंग केंद्र, तारीख, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दाखवतं. इथे प्रकार आला अंगठी, आणि सराफ भलताच. म्हणजे कुठल्या तरी खऱ्या, तपासलेल्या अंगठीवरचा क्रमांक उचलून पाटल्यांवर कोरला होता. नाव कोरायचं लेझर मशीन ज्याच्याकडे आहे, त्याला हे काम काही मिनिटांचं. ग्राहक मात्र क्रमांक सापडला की फोन खिशात टाकतो, खालचं वाचतच नाही. अ‍ॅप फक्त क्रमांक खरा आहे एवढंच सांगतं. हातातला दागिना तोच का, हे प्रकार, शुद्धता आणि सराफाचं नाव जुळवून आपणच ठरवायचं असतं, तेही पैसे द्यायच्या आधी. शिक्का बारीक असतो, नुसत्या डोळ्यांना तीन आणि आठ सारखेच दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग दुकानात ठेवणं सराफाला बंधनकारक आहे, ते मागायला लाजू नये.

विकताना पाटली दुकानातल्या मशीनखालीही धरली होती. पडद्यावर ९१.७ टक्के आकडा आला आणि शंका मिटली. ते क्ष-किरणांनी शुद्धता मोजणारं एक्सआरएफ मशीन खोटं नसतं, पण त्याची नजर वरवरची. सोन्यात ते केसाच्या जाडीइतकंही खोल जात नाही. वर चांगल्या सोन्याचा जाड मुलामा असेल, तर आतलं हलकं सोनं त्याला दिसत नाही. शिवाय कुठला भाग मशीनखाली धरायचा हे विकणाराच ठरवतो. पाटलीचा मधला गोल भाग धरतात, स्क्रूजवळचा डाखाचा, म्हणजे सांधलेला, भाग कुणी धरत नाही. पोकळ दागिन्यात सगळ्यात जास्त भेसळ लपते ती तिथेच.

खरा कस लागतो तो भट्टीत. बीआयएसमान्य केंद्रात आधी एक्सआरएफने माल एकसारखा आहे का पाहतात, मग दागिन्यातून थोडासा नमुना काढतात. तो तोलून, चांदीसोबत शिशाच्या पत्र्यात गुंडाळून क्युपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत हजार अंशांच्या वर तापवतात. शिसं वितळताना तांबं, जस्त असले हिणकस धातू सोबत घेऊन वाटीत जिरतं, आणि मागे सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून चपटा करायचा, नायट्रिक आम्लात उकळायचा. चांदी विरघळते, सोनं राहतं. ते पुन्हा तोलायचं. आधीच्या आणि नंतरच्या वजनावरून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, निघतो, त्यात अंदाजाला जागा नाही. ग्राहकालाही अशा केंद्रात स्वतःचा दागिना तपासून घेता येतो. चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला ४५ रुपये, वर जीएसटी. भट्टीच्या तपासणीसाठी दागिन्याला थोडी कात्री लागते, एवढी तयारी ठेवावी. गल्लीतल्या कुठल्याही टंच केंद्राची चिठ्ठी इथे चालत नाही, केंद्र बीआयएसमान्यच हवं.

समजा, अशा जोडीचा टंच ९१६ ऐवजी ८३३ निघाला, म्हणजे २० कॅरेट. हजारी ८३ ची तूट. ४० ग्रॅमवर ती ३.३२ ग्रॅम शुद्ध सोन्याची होते. हिशोबापुरता शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर ३३,२०० रुपये गेले. हॉलमार्कच्या दागिन्याची शुद्धता कमी भरली, तर बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो. या हिशोबात ६६,४०० रुपये. घडणावळीचा वाद वेगळाच.

एवढा हक्क हाताशी असूनही या घराच्या हाती काहीच लागलं नाही, कारण पावती कच्ची होती. तीन टक्के जीएसटी वाचतो म्हणून साध्या कागदावर "पाटली जोड ४०" आणि एकूण रक्कम, बस्स. पक्क्या बिलात प्रत्येक नगाचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धतेचा आकडा, तसंच हॉलमार्किंगचा खर्च वेगवेगळा लिहावा लागतो. मंगळसूत्र असेल तर काळे मणी वजा करून. त्यावर प्रत्येक नगाचा एचयूआयडी हाताने का होईना लिहून घ्यावा. वरच्याच भावाने ४० ग्रॅमच्या दागिन्यावर वाचवलेला जीएसटी फार तर बारा-तेरा हजारांचा, आणि त्याच्या बदल्यात पुरावाच सोडून दिलेला.

दुसरी चूक घाईची. क्रमांकाचा घोळ दिसताच घरचे पाटल्या घेऊन थेट दुकानात गेले. मालक शांतपणे म्हणाले, "काका, कारागिराची चूक झाली असेल. इथे ठेवून जा, उद्या बदलून देतो." त्यांनी ठेवल्या. अशा वेळी आधी दोन्ही शिक्क्यांचे आणि अ‍ॅपच्या पडद्याचे फोटो काढायचे, मग केंद्रात तपासणी करून अहवाल घ्यायचा आणि मूळ दागिना हातातून सोडायचाच नाही. तक्रार बीआयएस केअर अ‍ॅपमधूनच करता येते, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मिळालेल्या पाटल्यांवर दोन वेगवेगळे क्रमांक होते, अ‍ॅपमध्ये दोन्ही बरोबर निघाले. वजन मात्र जोडीचं ३७ ग्रॅम भरलं. जुन्या पाटल्या ४० च्या होत्या हे दाखवायला उरला होता फक्त तो कच्चा कागद, आणि त्यावर दुकानाचं नावही नव्हतं.