गिम्प फुकट आहे, पण एक्स्पोर्ट करताना डोळे उघडे ठेवा
नौपाड्यात ताईचं फराळाचं छोटं दुकान आहे, तिच्या दिवाळीच्या बॅनरसाठी चकलीचा फोटो एका बाजूने हळूहळू विरत गेलेला हवा होता म्हणून लॅपटॉपवर गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, एक पैसा लागला नाही. लेयर मास्क, म्हणजे फोटोचा कुठला भाग दिसणार ते ठरवणारा पडदा, लावायचा, त्यावर काळा-पांढरा ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) ओढायचा, पांढरं तिथे दिसतं, काळं तिथे गायब, इथवर एकदम मस्त. खरी गंमत पुढे. मी अतिशहाणपणा करून जेपेग काढलं तर मागे पांढराफटक चौकोन, कारण जेपेगमध्ये पारदर्शकता नसतेच. मग जीआयएफ केलं तर कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, त्यात पिक्सेल एकतर दिसतो नाहीतर नाही, अधलंमधलं काही नाही. पीएनजीला मात्र नेहमीच्या ८ बिटमध्ये पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळतात, चकली अगदी धुक्यात गेल्यासारखी विरली! आणि हो, सेव्ह दाबलं की गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइलच बनते, पीएनजीसाठी फाइल मेनूतलं एक्स्पोर्ट अ‍ॅज घ्यायचं, हे कळेपर्यंत माझा अर्धा तास गेला. मेनू किचकट आहेत बाकी, सवय होईपर्यंत चिडचिड होते. तरी ५ पैकी ४, ताईने चकल्यांचा डबा दिला तो वेगळा.