समुद्र मोजायचा की समुद्राची वाटणी मांडायची: दोन करिअरची तुलना, मुंबईतून

सिव्हिल, भूगोल, मत्स्यशास्त्र किंवा सागरी विज्ञान शिकलेल्यांच्या कानावर हल्ली दोन नावं सारखी येतात: हायड्रोग्राफिक सर्वेक्षण आणि सागरी अवकाशीय नियोजन. दोन्हीकडे नकाशे असतात, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहितीचे थर हाताळणारी प्रणाली) असतं, म्हणून ती एकाच कामाची दोन नावं वाटतात. प्रत्यक्षात माणूस कामाला कुठे लागतो, पगार कोण देतं आणि चुकलं तर कुणापुढे उभं राहावं लागतं, हे सगळंच वेगळं आहे. सर्वेक्षक पाण्याखाली काय आहे ते मोजतो. एकाच पाण्यावर बंदर, डोलीची (एका जागी रोवलेली) जाळी, तेलवाहिनी आणि कांदळवन यांचे हक्क असतात; त्यांतून कुणाला कुठे आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यांत जागा मिळावी हे नियोजक मांडतो.

आमचा कल आधीच सांगतो: नुकतंच शिक्षण संपलं असेल तर सुरुवात मोजणीतून करा. आज ज्युनियर माणसाला पगारावर ठेवणारं काम तिथे आहे. शिवाय मोजणीतून नियोजनात जाता येतं. उलट दिशेने, पस्तिशीत पहिल्यांदा बोटीवर चढणं, फार थोड्यांना जमतं.

बोटीवरचं काम

मुंबई बंदर आणि न्हावा शेवा इथे गाळ सतत भरतो, म्हणून ड्रेजिंग (गाळ उपसणं) चालू राहतं आणि त्यामुळे सर्वेक्षणही. छोट्या लाँचवर मल्टिबीम इकोसाउंडर (ध्वनीचे अनेक झोत पंख्यासारखे सोडून खोली मोजणारं यंत्र), आरटीके जीएनएसएस (उपग्रहांवरून नेमकी जागा सांगणारं), मोशन सेन्सर (बोटीचं डोलणं मोजणारा) आणि पाण्यातला ध्वनिवेग मोजणारं यंत्र एवढी जुळणी असते. १२० अंशांचा पंखा पसरवला तर तळावरची पट्टी खोलीच्या साधारण साडेतीन पट रुंद मिळते, म्हणजे १० मीटर पाण्यात जेमतेम ३५ मीटर. लगतच्या पट्ट्या एकमेकींवर चढवाव्या लागतात, त्यामुळे उथळ खाडीत दिवसभर फेऱ्या मारूनही क्षेत्र थोडंच होतं. हे कंटाळवाणं असतं आणि नोकरीचा बराच भाग तेच असतं.

अचूकतेचा मापदंड आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक संघटनेचा एस-४४. जहाजाच्या तळाखाली पाणी कमी उरतं अशा ठिकाणी 'स्पेशल ऑर्डर' लागू होते: १० मीटर खोलीत उभी अनिश्चितता ९५ टक्के खात्रीने सुमारे २६ सेंटिमीटरच्या आत हवी. आता मुंबईची भरती बघा. अपोलो बंदरला उधाणाची सरासरी भरती चार्ट डेटमच्या (सागरी नकाशातल्या खोलीचा शून्य) ४.४२ मीटर वर, ओहोटी ०.७६ मीटरवर. मधल्या तासात पाणी दहा मिनिटांत जवळपास १५ सेंटिमीटर चढतं. भरतीमापकाचं आणि सर्वेक्षण संगणकाचं घड्याळ दहा मिनिटांनी जुळत नसेल, तर अर्ध्याहून जास्त सूट तिथेच संपली. ठाणे खाडीत आत गेल्यावर भरतीची वेळ आणि उंची दोन्ही बदलतात. अपोलो बंदरचे आकडे ऐरोलीला लावणं ही इथली हमखास चूक.

ध्वनिवेगाचंही तसंच. यंत्रात १५०० मीटर प्रतिसेकंद ठेवला आणि पाण्यात प्रत्यक्ष १५४० असला, तर २० मीटर खोलीवर तळ अर्धा मीटर वर दिसतो. पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, तेव्हा सकाळी एकदा वेग मोजून भागत नाही. सपाट तळ पट्टीच्या कडांना वर किंवा खाली वाकलेला दिसला, की आधी तिकडे बघायचं. कडा एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असेल तर संशय रोलवर, म्हणजे डाव्या-उजव्या कलाच्या मोजणीवर. ०.१ अंशाची चूक ३० मीटर बाजूला ५ सेंटिमीटर खाते. ती पॅच टेस्टमध्ये (यंत्रांच्या बसवणीतल्या चुका शोधणारी चाचणी) सापडते: सपाट तळावर एकच रेषा दोन्ही दिशांनी चालवून. पिचसाठी (पुढे-मागे कल) हेच उतारावर करतात. उताराच्या एकाच रेषेवर एकाच दिशेने वेगवेगळ्या वेगाने गेलं की वेळेतला उशीर कळतो.

मुंबईत सगळ्यात जास्त भांडणं मात्र पातळ गाळावरून होतात. २०० किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, ३३ किलोहर्ट्झचा आत शिरतो. एकाच जागी दोन 'तळ' मिळतात. ड्रेजिंगचं बिल घनमीटरवर निघतं. एक किलोमीटर लांब आणि ३०० मीटर रुंद पट्ट्यात १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे ३०,००० घनमीटर. म्हणून कोणती फ्रिक्वेन्सी मोजायची, की गाळाची घनता धरायची, हे करारात आधी लिहून घेतलेलं बरं. अनेक बंदरं प्रतिघनमीटर सुमारे १२०० किलो घनतेची पातळी 'तळ' मानतात. नवख्या सर्वेक्षकावर सही करायची वेळ येते तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक केबिनमध्ये उभे असतात. हे कुणी अभ्यासक्रमात शिकवत नाही.

टेबलावरचं आणि कोळीवाड्यातलं काम

नियोजनाची अडचण अशी की भारतात या नावाने फारशा जागा निघत नाहीत. नॉर्वेच्या सहकार्याने प्रायोगिक काम पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपसाठी हाती घेतलं गेलं. मुंबईत हे काम दुसऱ्या नावांखाली दडलेलं असतं. सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) मंजुरीचे नकाशे, पर्यावरणीय आघात मूल्यांकन, बंदर विस्ताराचे आराखडे, मत्स्यव्यवसायाचे प्रकल्प. जाहिराती शोधताना हीच नावं टाका.

कायद्याची उतरंड पाठ हवी. २०१९च्या अधिसूचनेत ओहोटी रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी सीआरझेड-४मध्ये येतं. १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर. १२ मैलांपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याकडे, त्यापुढे केंद्राचा अधिकार. ही रेषा डोक्यात नसलेल्या माणसाचा आराखडा पहिल्याच बैठकीत परत येतो.

नकाशातल्या चुका इथेही होतात, फक्त उशिरा उघड होतात. मोठ्या जहाजांच्या एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) नोंदींवरून 'वापराचा' नकाशा काढला, तर छोट्या होड्यांचं पाणी कोरं दिसतं, कारण त्यांच्यावर ते यंत्रच नसतं. कोरी जागा म्हणजे रिकामी जागा, असा अर्थ कुणीतरी लावतं आणि प्रकल्प तिथेच आखला जातो. वरळी कोळीवाड्यापाशी कोस्टल रोडच्या पुलाखालून बोटी जाण्याचा वाद आठवा: खांबांमधलं ६० मीटरचं अंतर मच्छीमारांना अपुरं वाटलं आणि बराच संघर्ष होऊन १२० मीटर ठरलं. भरतीच्या ओढीत लाटेवर होडी किती बाजूला सरकते, हे तांडेलाला (होडीचा प्रमुख) विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायला उत्तम काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी. बोटी किनाऱ्याला असतात, माणसं बोलायला मोकळी असतात. सर्वेक्षकाचा हंगाम नेमका तेव्हाच बंद असतो.

दोघांनाही नडणारा एक सापळा: यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडलेले असतात; मुंबई झोन ४३ मध्ये आहे, बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र ४२ मध्ये, कारण सीमा ७२ अंश पूर्व रेखांशावर पडते. उरणला येणारी पाइपलाइन ती ओलांडते. झोन न बघता थर एकमेकांवर ठेवले की वस्तू भलतीकडेच जाऊन बसते. उंचीचंही तेच: चार्टचा शून्य इथे सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली, आणि महापालिकेच्या पातळ्या टाऊन हॉल डेटम या वेगळ्याच शून्यावर. किनाऱ्यालगतच्या कामात तीन शून्य एकत्र येतात.

शिरायचं कुठून

मोजणीत दरवाजे बरेच आहेत. आयटीआयचा सर्वेअर ट्रेड, सिव्हिल डिप्लोमा, बीई, भूगोल किंवा जिओइन्फॉर्मेटिक्स, सगळे चालतात. समुद्रावर जायचं तर एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) मूलभूत सुरक्षा कोर्स आणि वैद्यकीय तपासणी. हेलिकॉप्टरने तेलक्षेत्रावर जायचं तर पाण्याखालून सुटकेचं प्रशिक्षण, ज्याचं ऑपिटो (तेल-वायू उद्योगातली प्रशिक्षण संस्था) प्रमाणपत्र चार वर्षांनी नव्याने करावं लागतं. कॅटेगरी 'ए' आणि 'बी' ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची पात्रता गोव्यातल्या राष्ट्रीय हायड्रोग्राफी संस्थेत मिळते. तिथे मुख्यतः नौदलाचे, बंदरांचे आणि मित्रदेशांचे उमेदवार असतात, त्यामुळे आधी नोकरी आणि मग मालकाने पाठवणं हा सरळ रस्ता. नौदलात जायचं तर अल्पसेवा भरतीत एक्झिक्युटिव्ह शाखेसोबत 'हायड्रो केडर' दिसतं, तिकडे लक्ष ठेवा.

नियोजनासाठी पदव्युत्तर शिक्षण जवळपास गरजेचं. मुंबईत आयआयटीच्या सीएसआरई विभागात जिओइन्फॉर्मेटिक्स आहे. २०२२पासून गेटमध्ये जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपरही आहे. वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची सीआयएफई आणि त्याच भागात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र. आघात मूल्यांकन करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागारांकडे नवखा माणूस सहायक म्हणून लागतो आणि विषयतज्ज्ञाच्या नावाखाली काही वर्षं काम करतो. अहवालात आपलं नाव नाही म्हणून खट्टू व्हायचं नाही.

घरच्या गणितात सर्वेक्षकाची कमाई पुष्कळदा दिवसाच्या दराने, बोटीवर असेपर्यंत. जून ते सप्टेंबर हात आखडता ठेवावा लागतो. समुद्रावर आठवडेच्या आठवडे जातात. नियोजकाचा पगार महिन्याचा, पण प्रकल्पाची मुदत संपली की कंत्राटही संपतं. ज्यांना लोकल पकडून संध्याकाळी घरी यायचंच आहे, त्यांनी डेटा प्रोसेसिंगचा विचार करावा. कॅरिस, हायपॅक किंवा किंझी या सॉफ्टवेअरमध्ये मल्टिबीमचा डेटा साफ करणारा माणूस दोन्ही बाजूंना लागतो, आणि पायथॉनने तेच काम आपोआप करून घेणारा त्याहून जास्त. बोट लागणाऱ्याने (इथे लागणे म्हणजे ओकारी) लाजू नये. गोळी घेऊन आठवडाभर बघावं, नाहीच जमलं तर हा रस्ता मोकळा आहे.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. सर्वेक्षण कंपनीला: शेवटच्या कामाची पॅच टेस्ट आणि ध्वनिवेगाच्या नोंदी दाखवाल का, पावसाळ्यात स्टँडबायचे (काम थांबलेल्या दिवसांचे) पैसे मिळतात का, विमा समुद्रावर लागू आहे का? सल्लागाराला: मासेमारीच्या क्षेत्रांचा डेटा कुठून घेता, कोळीवाड्यात फिरायला किती दिवस मिळतात? डेटाच्या प्रश्नाला 'तो गुगलवरून घेतो' असं उत्तर आलं, तर चहा संपवून निघावं.