कर्जतचा थांबा : मुंबई–पुणे रेल्वेप्रवासाचा अभिप्राय

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे मोल बहुतेक प्रवासी आसनाच्या सोयीवरून आणि वेळेवरून ठरवतात. मी ते कर्जतच्या थांब्यावरून ठरवतो. वड्यासाठी उतरलेल्या गर्दीतून वाट काढत गाडीच्या मागच्या टोकाशी गेले, की ज्यांच्या भरवशावर आपण भोर घाट चढतो ती माणसे कामात दिसतात. कर्जत ते लोणावळा हे अंतर अवघे 28 किलोमीटर; पण घाटात 37 फुटांमागे एक फूट असा चढ असल्यामुळे पुढच्या इंजिनाच्या मदतीला मागून दोन किंवा तीन बँकर, म्हणजे गाडीला ढकलणारी जादा इंजिने, जोडावी लागतात.

गेल्या पावसाळ्यात हे काम मी जवळून पाहिले. इंजिने जोडणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या, म्हणजे पॉइंट्समनच्या, हाताच्या इशाऱ्यावर बँकर इतक्या हळुवारपणे येऊन टेकले, की डब्यात बसलेल्यांना धक्का जाणवला नसावा. मग पॉइंट्समन भर पावसात डबा आणि इंजिन यांच्या मधल्या फटीत उतरला आणि कप्लिंग व हवेचे पाइप जोडूनच वर आला. गार्डने आपल्या डब्यातील मापकावर ब्रेकचा दाब पाहिला, वॉकीटॉकीवर लोको पायलटशी खातरजमा केली आणि नंतरच हिरवा झेंडा दाखवला. 2022 पासून गार्डचे अधिकृत पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झाले आहे. गाडीची राखण हेच ज्याचे पहिले काम, त्याला जुनेच नाव शोभते असे मला वाटते.

यार्डातील पर्यवेक्षकाचे काम मात्र प्रवाशाच्या नजरेस पडत नाही. लोणावळ्याला सुटलेले बँकर खाली परत आणायचे, त्यांच्यासाठी मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्यांच्या मधून वाट काढायची आणि पुढची गाडी फलाटाला लागण्याआधी ते तयार ठेवायचे, हा हिशेब दिवसरात्र चालू असतो. यात थोडी चूक झाली, तरी मागच्या गाड्या खोळंबतात.

उतरताना गाडी घाटात मध्येच थांबते, तेव्हा अनेकजण वैतागतात. तेथे रूळ बदलणारे सांधे मुद्दाम कॅच सायडिंगकडे, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवणाऱ्या बाजूच्या मार्गाकडे, लावलेले असतात आणि गाडी ताब्यात आहे हे थांबून सिद्ध झाल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. उद्घोषणेत एवढे कारण सांगितले, तर प्रवाशांना या माणसांच्या कामाची जाणीव होईल.

घाई असेल त्याने द्रुतगती मार्गाने जावे. इतरांनी दिवसाची गाडी आणि मागचा डबा निवडावा. घाटातील ठाकूरवाडीनंतरच्या वळणांवर खिडकीतून गाडीचे पुढचे टोकही दिसते.