तेरा रेषांचं अक्षर आणि माझे 29,370 रुपये

29,370. एवढे रुपये ऑनलाइन फसवणुकीत गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी अजून 18,500 च सांगितलेत.

घ्यायची होती रेंगोकूची तलवार. ज्यांना कळायचं त्यांना ज्वाळांच्या आकाराची त्सुबा (मूठ आणि पात्यामधली चकती) म्हटलं की कळलं. बाकीच्यांसाठी : 'किमेत्सु नो याइबा' या ॲनिमेमधल्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतल्या, निचिरिन तलवारी मालकाच्या हातात आल्यावर रंग बदलतात. तांजिरोची काळी, झेनित्सूची पिवळी, रेंगोकूची लाल. तिशी उलटली तरी कार्टूनमधली तलवार कशाला, हे मला आईने विचारून झालंय, तुम्ही नका विचारू. भवानी तलवारीचं नाव काढलं की आपल्या अंगावर काटा येतो. तलवारीला नाव असतं, ती कुणाची होती याला किंमत असते, हे मराठी माणसाला वेगळं समजावावं लागू नये.

सोशल मीडियावर अशा तलवारी विकणारं एक पेज होतं. नऊ हजार फॉलोअर, खाली 'रिसीव्ह्ड, थँक यू' छाप कमेंटी. पुढचं तुम्हाला पाठच असेल. पन्नास टक्के आगाऊ, 9,250. मग 'जपानमधल्या सेकीहून माल निघतोय', आणखी 9,250. मग कस्टम, 4,870. मग शस्त्राचं ना-हरकत प्रमाणपत्र, 6,000, आणि हे म्हणे परत मिळणार. दर वेळी क्यूआर वेगळ्याच नावाचा. कस्टमची रक्कम कुणा सुरेश-रमेशच्या यूपीआयवर जात नाही, हे मी स्वतः मावशीला फोनवर समजावलेलं आहे. पाचव्यांदा 'विम्याचे' 11,000 मागितले तेव्हा कुठे डोळे उघडले.

पण खरी चूक पैसे पाठवायच्या आधीच झाली होती, आणि ती आठवली की अजून कान तापतात. मी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. एन-टू पास, म्हणजे जपानीच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी. जपानी ड्रॉइंगमधलं चुकीचं अक्षर शोधायचा मला पगार मिळतो. हाशिरांच्या, म्हणजे त्या मालिकेतल्या सर्वात वरच्या योद्ध्यांच्या, तलवारीवर मुठीजवळ चार अक्षरं कोरलेली असतात, 'आक्की मेस्सात्सु', म्हणजे दुष्ट राक्षसांचा नायनाट. त्यातलं तिसरं अक्षर 'मेत्सु', तेरा रेषांचं. पेजवरच्या फोटोत ते पाच रेषांचं होतं. 'आग' हे अक्षर आणि त्याच्या डोक्यावर एक आडवी रेघ, बस. हे चीनमधलं सोपं केलेलं रूप. जपानी माणूस ते लिहीत नाही, सेकीतला कारागीर तर कोरणारच नाही.

मी ते पाहिलं. फोटो मोठा करून पाहिलं. आणि स्वतःला काय सांगितलं असेल? की रेंगोकू ज्वाळेचा हाशिरा, म्हणून मुद्दाम आगीचं अक्षर ठेवलं असेल, किती सुंदर कल्पना! अक्कल गहाण टाकून वर तिच्यावर कविता केली मी.

बरं, बाकीचंही मला माहीत नव्हतं असं नाही. गिफूमधलं सेकी हे पात्यांचं गाव, हे खरं. म्हणूनच ते नाव ठोकून देतात. पण 'तामाहागाने पोलाद, हाताने घडवलेली, 18,500' हे वाक्यच अशक्य आहे. ते पोलाद शिमानेतल्या ओकुइझुमोच्या भट्टीत हिवाळ्यात निघतं आणि परवानाधारक लोहारांनाच मिळतं. अशा लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात. तो काय माझ्यासाठी ॲनिमेची त्सुबा कापत बसणार आहे? खऱ्या तलवारीसोबत नोंदणीचा कागद असतो, आणि ती देशाबाहेर न्यायची तर तिथल्या सांस्कृतिक खात्याचा दाखला लागतो. शोभेच्या ज्या बनतात त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या, लोहचुंबक चिकटत नाही. पोलादी ॲनिमे तलवारी येतात त्या बहुतेक चीनच्या लोंगच्वानहून. त्यात वाईट काही नाही, पण मग तसं सांगून विका ना! (फोटो टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे हे उलटं शोधलं तर तो तिकडच्याच एका दुकानाचा निघाला. हा शोध लावायला दोन मिनिटं लागली. पैसे गेल्यावर.)

आणि पार्सल आलं, हा त्यातला कळस. खोक्यावर पाठवण्याचं ठिकाण भिवंडी. कस्टम भरलेली माझी तलवार भिवंडीहून आली! आत बांबूची, लाल रंग फासलेली, कॉस्प्लेच्या (पात्रांसारखा वेश करणाऱ्यांच्या) स्टॉलवर सहाशेला मिळते ती. खोकं पाठवतात ते दयेपोटी नाही, 'डिलिव्हर्ड' असा शिक्का पडावा म्हणून. खोकं फोडताना व्हिडिओ काढा, लेबलपासून, एका दमात. मी काढला नाही.

बँकेने तोच शिक्का दाखवला. पिन तुम्हीच टाकलात, वस्तू पोचलेली दिसतेय, विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याने मला ब्लॉक केलंय म्हटल्यावर पलीकडून, "मॅडम, अजून काही मदत करू शकतो का?"

पोलीस ठाण्यात त्याहून बहार. "काय मागवलं होतं?" "तलवार." अख्खी खोली वळून बघायला लागली. "खरी का खोटी?" आता काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. खरी म्हणावं तर परवान्याचं विचारणार. तलवार हे शस्त्रच, आणि सुरीसुद्धा 9 इंचांपेक्षा लांब पात्याची असली तर घरगुती किंवा शेतीची नसल्यास नियमात बसते. खोटी म्हणावं तर, "मग खोटीच आली ना, ताई!" यावर दोन हवालदार हसले. शेवटी मला सायबरकडे धाडलं. सायबरने सांगितलं, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातच द्या. तिथले साहेब बंदोबस्तावर. पुन्हा सायबर. "इथे लोकांचे चाळीस-चाळीस लाख गेलेत." म्हणजे माझे एकोणतीस हजार कुणी शिवून आणलेत का? चार अर्ध्या रजा गेल्या, हातात आला अर्जाच्या प्रतीवर एक पोच शिक्का, तोही भांडून. पाच बँक खात्यांपैकी एकाचंही नाव त्यांनी लिहून घेतलं नाही. बरोबर, चारच होती, पाचव्याला मी पैसे दिले नाहीत, पण नंबर त्याचाही नेला होता.

माझंही चुकलं. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन मी नवव्या दिवशी केला, लाजेपायी. पहिल्या काही तासांत केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. लाज नंतर वाटून घ्या.

विकणाऱ्याकडे आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी तलवारीचा व्हिडिओ मागा. मी मागितला होता, "वर्कशॉपमध्ये फोन नेत नाहीत" हे उत्तर आलं, आणि मला ते फार पारंपरिक वाटलं.

काल मैत्रिणीने एक स्क्रीनशॉट पाठवला. पेजचं नाव नवं, तलवार तीच, किंमत आता 16,999. मोठा करून पाहिला. तिसरं अक्षर अजून पाच रेषांचंच आहे.