शॉटगनची काडतूस-कॅडी: नऊ महिने वापरल्यावर

गेल्या शनिवारी डॅलसजवळच्या रेंजवर आमचा महिन्याचा थ्री-गन सामना होता, म्हणजे पिस्तूल, रायफल आणि शॉटगन अशा तीन बंदुकांनी पळत-पळत नेम साधायचा. तिसऱ्या स्टेजला, ऐन मधोमध, माझ्या पट्ट्यावरची आठ काडतुसांची कॅडी, म्हणजे काडतुसं अडकवून ठेवायचं प्लास्टिकचं खोबणं, तुटून खडीत पडली. सुरुवातीचा बझर वाजून गेलेला, समोर सहा लोखंडी प्लेटा उभ्या आणि शॉटगन रिकामी. वाकून वेचायला जावं तर बंदुकीचं तोंड मागे वळायची धास्ती. ते वळलं की सामन्यातून थेट बाद. कमरेला उरलेली चार काडतुसं स्लगची होती, म्हणजे छर्‍यांऐवजी एकच जड गोळी असलेली. जवळच्या लोखंडावर स्लग मारणं धोक्याचं, त्यालाही बादच करतात. शेवटी प्लेटा तशाच सोडल्या आणि प्रत्येकीमागे दंडाचे सेकंद घेतले. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं होतं.

ही कॅडी मी नऊ महिन्यांपूर्वी ४५ डॉलरला घेतली. त्याआधी छातीवर बांधायचा, इलॅस्टिकच्या घरांचा स्वस्त पट्टा वापरत होते. टेक्ससच्या उन्हात दोन महिन्यांत इलॅस्टिक सैल पडलं आणि पळताना काडतुसं गळायला लागली. नव्यांना सांगते, तिथे पैसे वाचवू नका. मी वाचवले, ते फुकट गेले.

कॅडीची पकड मात्र पहिल्या दिवसापासून आवडली. एका खाली एक अशी दोन काडतुसं एका ओळीत बसतात, हात घातला की जोडी एकदम मुठीत येते. बंदूक उलटी करून अंगठ्याच्या एकाच रेट्यात दोन्ही काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये. विकणाऱ्याने मला शेजारच्या दोन ओळी एकदम उचलून चार-चार भरायला सांगितलं होतं. दोन महिने रोज रात्री दारू नसलेल्या डमी काडतुसांवर सराव केला. माझा तळवा लहान आहे, चौथं काडतूस हमखास सुटायचं. मग दोन-दोनवर आले आणि वेळ उलट कमी झाला. आमच्याकडे सुरुवातीला शॉटगनमध्ये नऊच काडतुसं भरता येतात, त्यामुळे सामन्यात वेळ जातो तो भरण्यातच. हात लहान असेल तर चारच्या मागे लागू नका, बायकांनी तर नकोच.

बाकी सामानाला फार विचार लागत नाही. आत पातळ आणि बाहेर कडक असा वेल्क्रोचा दुहेरी पट्टा, पिस्तुलाच्या तीन मॅगझिनांचे (गोळ्या भरायच्या डब्यांचे) पाउच, रायफलच्या एका मॅगझिनचा पाउच. मी सगळं जुनं घेतलं, काही बिघडलं नाही. होल्स्टर मात्र नवं आणि घट्ट घ्या, कारण पळताना पिस्तूल पडलं तर तुमचा सामना तिथेच संपतो.

आता कॅडी तुटली कशी, तर स्क्रूमुळे. कॅडी पट्ट्याच्या क्लिपला दोन स्क्रूंनी धरलेली असते. ८-३२ मापाचे, म्हणजे इंचाला ३२ आटे. पळणं, वाकणं, गुडघ्यावर बसणं यात ते रोज केसभर सैल होतात. माझा एक आधीच कुठेतरी गळून गेलेला होता. सगळा भार दुसऱ्यावर आला आणि त्याच्या भोकापाशी प्लास्टिक नखाएवढं चिरलं. आठ काडतुसांचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, ते पळताना दर पावलाला हिसका देतं. कंपनीला फोटो पाठवले. तीन मेल झाल्या, उत्तर एकच: ही नेहमीची झीज आहे, वस्तू स्वखर्चाने पाठवा. पाठवायचे १२ डॉलर आणि दुरुस्ती काही सेंटांची! स्क्रूला गोंद लावून पाठवायला यांचं काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही. त्या रात्री ‘घेऊ नका’ एवढंच लिहून मोकळी होणार होते.

पण रविवारी हार्डवेअरच्या दुकानातून नवे स्क्रू, रुंद वॉशर आणि निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, आणलं. चिरलेल्या भोकावर वॉशर बसल्यावर कॅडी पुन्हा घट्ट झाली. एक सांभाळा: थ्रेडलॉकर काही प्लास्टिकला तडे पाडतं. थेंबभर फक्त धातूच्या आट्यांवर लावा, सांडलेलं लगेच पुसा आणि चोवीस तास हात लावू नका. हे घरीच करा. रेंजवरच्या सेफ एरियात बंदूक हाताळता येते, पण काडतुसाला हात लावायला बंदी असते, त्यामुळे भरलेला पट्टा तिथे उघडून बसता येत नाही.

तेव्हा मत बदलते. पकडीसाठी ही कॅडी अजूनही घ्या, पण घरी आल्या आल्या स्क्रू काढून पुन्हा बसवा. स्लगची कॅडी वेगळी आणि पाठीमागे ठेवा, म्हणजे घाईत चुकून हात जाणार नाही.

गावाकडे आई विचारते, तेजस्विनी सावंतसारखं करतेस का? तिला सांगते, त्यांचा खेळ एका जागी श्वास रोखून, आमचा धापा टाकत. तिची काळजी कळते, म्हणून बंदुकीचं तोंड कुठे आहे ते मी सतत बघते.

दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावरून क्लिपपर्यंत लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली आहे. स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसेल. बुधवारी रात्री अंगणात पट्टा बांधून वीस फेऱ्या पळाले. रेघ सरळ आहे.