आरएक्स की हिमालयन? तोरणमाळचा घाट उतरून ठरवा

कापसाचे पैसे हातात आले की आमच्या जळगावच्या टपरीवर हा वाद एकदा तरी रंगतोच. पोराला गाडी घ्यायची असते आणि जीव दोन ठिकाणी अडकलेला असतो. एकीकडे शोरूममधली रॉयल एनफिल्डची फोर-स्ट्रोक हिमालयन 450, दुसरीकडे कुणा गुरुजींनी गोठ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली यामाहाची जुनी टू-स्ट्रोक आरएक्स 100. या दोघींची तुलनाच होत नाही म्हणणारे बरोबर आहेत. पण पैसे एकाच खिशातले, म्हणून करावी लागते.

आकड्यांपुरतं बोलायचं तर आरएक्स 98 सीसी, 11 बीएचपी, वजन शंभर किलोच्या जरा वर. हिमालयन 452 सीसी, 40 पीएस, 196 किलो. हिशेब मांडला तर किलोमागे ताकद हिमालयनचीच जवळजवळ दुप्पट निघते. तरी आकाशवाणी चौकातून आरएक्स सुटते तेव्हा पोटात जे होतं ते हिमालयनवर होत नाही, आणि त्याला कारण आहे. टू-स्ट्रोकचा प्लग क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला पेटतो, फोर-स्ट्रोकचा एकाआड एक. शिवाय टू-स्ट्रोकची ताकद सरळ चढत नाही. खाली गाडी नुसती गुणगुणते, आणि एका आरपीएमला पोचली की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटते. आमच्याकडचे म्हातारे मिस्त्री म्हणतात तसं, "भो, हाई गाडी नही, घोडं शे."

हे ढकलणं सायलेन्सरमधून येतं, हे मात्र फार कमी पोरांना ठाऊक असतं. टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर जाण्याची वाट उघडी असतानाच ताजं पेट्रोल-हवा आत येतं, त्यातलं थोडं धुराबरोबर निसटतं. सायलेन्सरचं पोट फुगीर आणि शेपूट निमुळती ठेवली, तर दाबाची लाट मागे फिरते आणि निसटणारा माल परत सिलिंडरमध्ये कोंबते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी रेसिंगसाठी हे गणित पक्कं बसवलं. 1961 मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पळून गेला तो ही विद्या घेऊन सुझुकीकडे, आणि पुढच्याच वर्षी सुझुकी 50 सीसीची जगज्जेती झाली. म्हणजे ज्या सायलेन्सरमुळे एक माणूस देश सोडून पळाला, तो आपली पोरं आवाजासाठी जाळी काढून, मागून कापून बसवतात. आवाज वाढतो, गाडी मरते. असली कापलेली आरएक्स विकायला आली तर भावातून ओरिजिनल सायलेन्सरचे पैसे वजा करा.

आता घाट. गाडीची परीक्षा चढताना होते असा सगळ्यांचा समज आहे. चढ दोघीही चढतात. आरएक्स दुसऱ्या गिअरवर ओरडत, हिमालयन गप्पा मारत. उतार ही वेगळी गोष्ट आहे. शहाद्याहून तोरणमाळला गेलात तर सात पायरीच्या वळणांवरून खाली येताना फोर-स्ट्रोक गाडी गिअरमध्ये धरली की इंजिनच ब्रेकचं काम करतं. टू-स्ट्रोकला हा आधार नावापुरता. सगळा भार ब्रेकवर, आणि आरएक्सला दोन्हीकडे ड्रम. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर लिव्हर हाताला मऊ लागायला लागतो आणि ड्रमचा जळका वास नाकात येतो. हिमालयनला दोन्हीकडे डिस्क आणि एबीएस आहे.

त्यात दुसरी भानगड ऑइलची. आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो, पण बऱ्याच गाड्यांचा पंप केव्हाच काढून टाकलेला असतो आणि मालक पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. मग इंजिनला ऑइल मिळतं ते फक्त पेट्रोलबरोबर. उतारावर थ्रॉटल बंद, चाकं इंजिनाला फिरवतायत, आणि पिस्टनला वंगण जवळपास नाही. म्हणून जुने लोक घाट उतरताना मधूनमधून क्लच दाबून एक्सिलेटर फिरवतात. ते स्टाइल मारत नसतात, पिस्टनला पाणी पाजत असतात.

मला हे शिकायला एक ब्लॉक, म्हणजे अख्खा सिलिंडर, घालवावा लागला. मे महिना, धुळ्याहून निघालो, पंपावर एका जुन्या मित्राशी बोलता बोलता पाच लिटर पेट्रोल टाकलं आणि डिकीतली ऑइलची बाटली तशीच राहिली. लिटरला 25 मिली टाकायची सवय, त्या दिवशी शून्य. टाकीच्या तळाशी जुनं मिश्रण होतं, म्हणून फागण्यापर्यंत काही कळलं नाही. मग आवाज जरा पातळ झाला, ताटलीवर चमचा घासावा तसा, आणि मागचं चाक एकदम धरलं. डाव्या हाताने आपोआप क्लच दाबला म्हणून पडलो नाही. टू-स्ट्रोक चालवणाऱ्याची दोन बोटं कायम क्लचवर का असतात ते तेव्हा कळलं. चूक सर्वस्वी माझी, पण मुद्दा हा की हिमालयनवर अशी चूक करायची सोयच नाही.

पल्ल्याचा विचार करा. जळगाव-चोपडा-शिरपूर-शहादा-तोरणमाळ जाऊन-येऊन चारशेच्या आसपास. हिमालयनची टाकी 17 लिटरची, शिरपूरला भरली की परत येईपर्यंत पंप शोधायला नको. सस्पेन्शन लांब, खालून 230 मिमी जागा, त्यामुळे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचे खड्डे मोजायची गरज पडत नाही. आरएक्सवर हाच प्रवास होतो, मी केलाय, पण दुसऱ्या दिवशी रजा टाकावी लागते. ऐन मे मध्ये भुसावळ-जळगावकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा हवेवर थंड होणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोकला हायवेवर तासभर पिळणं म्हणजे नशिबाची परीक्षा. पन्नास किलोमीटरला एक चहा, हा नियम. हिमालयनला रेडिएटर आहे. पण पंखा सुरू झाला की गरम वारा पायांवर येतो, शहरात नको वाटतं. आणि घेताना ट्यूबलेस स्पोक चाकांचीच घ्या. धडगावच्या अलीकडे 196 किलोची गाडी पंक्चर होऊन उभी असली की तेवढे पैसे वाचवल्याचं फार वाईट वाटतं. आरएक्स मात्र अशा वेळी केळीच्या पिकअपमध्ये दोघं जण उचलून टाकतात.

पैशांचं गणित सप्टेंबर 2025 पासून बदललंय. 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी 18 टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांना 40. त्यामुळे हिमालयन तीन लाखांच्या घरात गेली आणि क्लासिक 350 किंवा 159 किलोची एक्सपल्स 200 हे खरे शहाणे पर्याय झाले. घरच्यांना मागे बसवून पाटणादेवी, पद्मालय करायचं असेल तर क्लासिक घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

राजदूत 350 बद्दल कुणीतरी विचारणारच. 1983 ला एस्कॉर्ट्सने आणलेली, दोन सिलिंडर, सहा गिअर, सुरुवातीच्या हाय टॉर्क मॉडेलला 30.5 बीएचपी, आणि पुढे ड्रम ब्रेक! यामाहाच्या टीझेड रेसिंग गाड्यांच्या घराण्यातली म्हणून तिचं वेड मला समजतं. पण स्पेअर आणि पेट्रोल, दोन्ही बाजूंनी ती तुम्हाला खाईल. पहिली टू-स्ट्रोक म्हणून घेऊ नका.

माझं मत असं. घरात ही एकच गाडी राहणार असेल तर आरएक्सचा विचार सोडा. रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल, आणि दहा किलोमीटरच्या आत प्लगचा रंग बघून रोग सांगणारा मिस्त्री असेल, तरच आरएक्स. प्लग कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरा असेल तर कुठून तरी हवा ओढतेय, बहुतेक क्रँकचं सील गेलंय, आणि तो ब्लॉक आज ना उद्या जाणार.

बघायला जाताना दोन गोष्टी. गाडी 1985 ते 1996 मधली, म्हणजे पंधरा वर्षांची आरसी केव्हाच संपलेली. पुन्हा नोंदणी झालीय का ते बघा आणि इंजिन व चेसी नंबर कागदाशी ताडून पाहा. 'व्हिंटेज आहे, काही लागत नाही' असं विकणारा म्हणाला तर हसून सोडून द्या, व्हिंटेजला पन्नास वर्षं लागतात. 'जपानी इंजिन आहे' असं तर प्रत्येकच विकणारा म्हणतो.

दुसरं म्हणजे फोन न करता सकाळी लवकर जा. किक मारण्याआधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर मालकाने तुमच्या आधीच गाडी चालू करून ठेवलीय, म्हणजे गार असताना ती बहुधा सहज सुरू होत नाही. चहा प्या, गुरुजींची तब्येत विचारा आणि परत या.