दीड वर्ष, तीन प्रोसेस आणि एक कॉलम

परवा सव्वाआठला घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडली, रबाळे गेलं आणि क्लायंटचा फोन, इन्व्हॉइसची बेरीज एक पैशाने चुकतेय. ऐरोलीला उतरून परत महाप्याला. डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणाने, हा बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, आम्ही आधी एकदा काढलेला हे सगळ्यांना आठवतंय, कसा काढला ते कोणालाच नाही.

आमची सॉफ्टवेअर टीम अकरा जणांची. दीड वर्षात काम करायच्या तीन पद्धती वापरून झाल्या: सीएमएमआय म्हणजे कंपनीची कामाची पद्धत किती पक्की ते १ ते ५ लेव्हलमध्ये मोजणारं मॉडेल, स्क्रम म्हणजे छोट्या ठराविक टप्प्यांत काम आणि रोज एक मीटिंग, कानबान म्हणजे बोर्डावर कामाच्या चिठ्ठ्या एका रकान्यातून पुढच्यात सरकवणं. आता थेट अनुभव सांगतो.

सुरुवात सीएमएमआयने. लेव्हल ठरवणाऱ्या अधिकृत तपासणीचा, म्हणजे अ‍ॅप्रेझलचा खर्च ऐकून साहेबांनी हात जोडले, वर ते रेटिंग तीन वर्षांपुरतंच, म्हणून कन्सल्टंटकडून नुसती टेम्प्लेटं घेतली, तीही २०१० च्या १.३ व्हर्जनची. त्यात २२ प्रोसेस एरिया, म्हणजे नीट पाळायचे कामाचे विषय, लेव्हल ३ ला त्यातले १८. अकरा माणसं, अठरा एरिया, हिशोब तुम्हीच करा. डिफेक्ट शीटमध्ये, म्हणजे बगांच्या यादीत, 'कारण' नावाचा कॉलम, तो भरल्याशिवाय बग बंद होत नसे. मी सहा महिने त्या कॉलमला शिव्या घातल्या. अर्धे जण 'घाईत राहिलं' असं टाकून मोकळे.

मग स्क्रम. स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्याने मीटिंग, पंधरा मिनिटांचा म्हणतात, पण ट्रान्स हार्बर लोकल लेट झाली की निम्मी टीम साडेदहाला येणार आणि आधीच्यांनी सगळं परत सांगायचं. चार महिन्यांत गुंडाळलं.

कानबान मात्र आवडलं, अजूनही आवडतं. 'चालू' रकान्यात तीनच चिठ्ठ्या, चौथी लावायची तर आधी एक संपवा, त्यामुळे अर्धवट कामं खरंच कमी झाली. पावसाळ्यात दमट हवेने चिठ्ठ्या गळून पडतात, एक चक्क केरात गेली, पण कॉम्प्युटरवरच्या बोर्डाच्या टूलचे दरमहा माणशी पैसे भरण्यापेक्षा सेलोटेप परवडते. आठ महिने मी सगळ्यांना हेच घ्या सांगत होतो.

परवापर्यंत. कारण चिठ्ठी 'झालं'मध्ये गेली की आठवड्याने फाडायची, आणि त्याबरोबर बग का आला तेही गेलं. रात्री दहाला जुनी डिफेक्ट शीट उघडली, ओळ ६४, 'जीएसटी प्रत्येक आयटमवर राउंड होतोय, क्लायंट एकूण रकमेवर करतो'. लिहिणारा मीच! वीस मिनिटांत काम झालं. नंतर कोणीतरी राउंडिंगचं फंक्शन नीट करायला गेलं आणि जुनं परत आलं.

गंमत म्हणजे १.३ मध्ये कारणं शोधणं हे लेव्हल ५ चं काम, म्हणजे आम्ही ज्याला रोज बोटं मोडायचो ते आमच्या लेव्हल ३ ला लागतच नव्हतं.

तर आता कानबानच, पण चिठ्ठी फाडण्याआधी मागच्या बाजूला कारण लिहायचं आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. 'घाईत राहिलं' लिहिलं तर चहा त्याच्याकडून. कन्सल्टंटचा शेवटचा हप्ता मात्र द्या असं मी साहेबांना अजूनही सांगणार नाही, टेम्प्लेटात दुसऱ्याच कंपनीचं नाव तसंच ठेवलेलं त्याने.